चौथा सिलिंडर

चार सिलिंडरचं इंजिन बंद केल्यावर नेमकं कुठे थांबेल, हे गाडी चालवणाऱ्याच्या हातात नसतं. किल्ली फिरवली, प्लगमधली ठिणगी बंद झाली, तरी फ्लायव्हीलमध्ये थोडा जोर शिल्लक असतो. तो संपत आला की आत दाबली गेलेली हवा पिस्टनला मागे रेटते, इंजिन शेवटचं किंचित उलटं हलतं आणि चारही पिस्टन कुठेतरी मधल्या उंचीवर विसावतात. त्या घडीला एका सिलिंडरात पेट्रोल आणि हवा आत येत असते, म्हणून त्याचा इनलेट व्हॉल्व्ह उघडा असतो. दुसरा धूर बाहेर टाकत असतो, म्हणून त्याचा एक्झॉस्ट उघडा. उरलेले दोघे बंद. कोणत्या दोघांची दारं उघडी राहणार, याची चिठ्ठी दर वेळी नव्याने निघते. रोज चालणाऱ्या गाडीला त्याचं काहीच वाटत नाही, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी मांडणी पुन्हा मोडणार असते. एखाद्या गाडीच्या आयुष्यात मात्र अशी एक संध्याकाळ येते की ती मांडणी पुढे कित्येक वर्षं कोणी मोडत नाही.

मामाच्या फियाटच्या बाबतीत ती चिठ्ठी चौथ्या सिलिंडरच्या नावाने निघाली होती. हे कळलं तेव्हा मामा जाऊन दोन पावसाळे झाले होते, आणि गाडी त्याच्याही कितीतरी आधीपासून घराच्या मागच्या मांगरात उभी होती.

फियाट म्हणजे कागदोपत्री प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून ही गाडी ‘फियाट ११०० डिलाइट’ या नावाने बनत होती. १९७४ मध्ये तिला पद्मिनी हे नाव मिळालं; पण आमच्याकडे काय किंवा मुंबईत काय, ते नाव बोलण्यात कधी फारसं रुळलं नाही. मामाची गाडी १९७८ सालची. त्याने ती मुंबईत जुनी घेतली, नोकरी संपल्यावर आंबा घाटातून उतरवून कोकणात आणली आणि पुढची वीसेक वर्षं कुडाळच्या बाजारापासून रेडीच्या गणपतीपर्यंत सगळीकडे फिरवली. इंजिन १०८९ सीसीचं, बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५. हे आकडे मामाला पाठ होते आणि जेवताना ऐकायला कोणी तयार नसलं तरी तो सांगायचा. ब्लॉक ओतीव लोखंडाचा, हेड अॅल्युमिनियमचं, पिस्टनही अॅल्युमिनियमचे, पिस्टनवरच्या रिंगा परत ओतीव लोखंडाच्या. या शेवटच्या वाक्याकडे तेव्हा कोणी लक्ष दिलं नाही. गंजाची सगळी गोष्ट त्यातच आहे.

लोकांना वाटतं, पिस्टन गंजून अडकतो. पिस्टनला गंज चढत नाही, तो अॅल्युमिनियमचा. त्याच्यावर फार तर पांढरी भुकटी धरते. अडकतात त्या रिंगा. सिलिंडरच्या भिंतीला कायम टेकून राहायचं हे त्यांचं कामच असतं. लोखंडाला लोखंड टेकलेलं, मधलं तेल उतरून गेलेलं, वर ओल. लोखंड गंजताना ऑक्सिजन आणि पाणी दोन्ही पोटात घेतं, त्यामुळे मूळ धातूपेक्षा त्याचा गंज कितीतरी जास्त जागा मागतो, दुपटीहून अधिक. सिलिंडर आणि रिंग यांच्यामध्ये द्यायला जागाच नसते. पिस्टन आणि भिंतीमधलं अंतरसुद्धा मिलिमीटरच्या काही शतांशांत मोजायचं. मग आषाढात फुगून चौकटीत रुतलेलं दार जसं ना उघडत ना मिटत, तसं ते होऊन बसतं. फरक एवढाच की दार आश्विनात उन्हं पडली की आपसूक सुटतं.

मेस्त्री मांगरात आले तेव्हा त्यांनी गाडीच्या भोवती एक फेरी मारली, बॉनेट उघडलं आणि पहिली गोष्ट कोणती केली तर बॅटरीची वायर काढून बाजूला ठेवली. माझा मामेभाऊ मुंबईहून नवी बॅटरी घेऊन आला होता. सेल्फ मारून बघू, निदान कळेल तरी, असं त्याचं म्हणणं. मेस्त्रींनी त्याच्याकडे बघितलंही नाही. अडकलेल्या इंजिनाला सेल्फ मारणं म्हणजे काय, हे मला पुढे कळलं. रिंग भिंतीला धरून बसलेली आणि क्रँक खालून ओढतोय, अशा वेळी सगळ्यात नाजूक वस्तू आधी हार मानते. ती म्हणजे रिंग, नाहीतर पिस्टनची खाच. व्हॉल्व्हची दांडी गाइडमध्ये गंजून बसली असेल तर पुशरॉड वाकतो. दोन मिनिटांच्या कुतूहलापायी पाच दिवसांचं काम पंधरा दिवसांचं होतं.

त्यांनी चारही प्लग काढले, भोकांत टॉर्च मारून पाहिलं आणि चारही सिलिंडरांत डिझेल आणि गिअर ऑइल एकत्र करून ओतलं. प्रत्येकाचं याबाबत आपापलं औषध असतं. कोणी रॉकेल ओततं, कोणी ब्रेक ऑइल. परदेशातले हौशी लोक ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल आणि अॅसिटोन निम्मं-निम्मं घालतात आणि त्याच्यावर शपथा घेतात. दुकानात मिळणारा निळा-पिवळा डबा, डब्ल्यूडी-४०, हा तर सगळ्यांच्या हाताशी असतो. तो मुळात १९५३ साली अमेरिकेतल्या सॅन डिएगोमध्ये क्षेपणास्त्राच्या पत्र्यावर ओल धरू नये म्हणून तयार झाला. पाणी हटवण्याचा चाळिसावा प्रयोग यशस्वी झाला म्हणून नावात चाळीस. ओल हटवणं आणि आधीच जमलेल्या गंजात शिरणं ही दोन वेगळी कामं आहेत. पण डब्यावर जे लिहिलेलं नसतं तेही डबा करतो, असा आपला विश्वास असतो. मेस्त्रींचा कुठल्याच औषधावर फारसा विश्वास नव्हता. त्यांचा विश्वास वेळेवर होता.

“ताई, तेका घाई नाय करूची,” ते म्हणाले. “गंजाक वर्सां लागली धरूक, आमका सोडवूक चार दिवस तरी व्हये.”

मामेभावाने विचारलं, की वरून लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडा मारला तर?

“हातोडो घातलात तर पिस्टन फुटतलो, गंज नाय.”

त्या चार दिवसांत मी वाचत बसले. गंजाबद्दल वाचायला लागलं की पहिली गोष्ट लक्षात येते ती ही, की हवेत पाणी असणं पुरेसं नसतं; ते एका मर्यादेच्या वर असावं लागतं. व्हर्नन नावाच्या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने शंभरेक वर्षांपूर्वी लोखंडाचे तुकडे वेगवेगळ्या आर्द्रतेत ठेवून हे दाखवलं. आर्द्रता साधारण साठ टक्क्यांच्या खाली असेल तर स्वच्छ लोखंड जवळजवळ तसंच राहतं. मर्यादा ओलांडली की गंजाचा वेग एकदम वाढतो. हवेत धूळ, धूर, मीठ असेल तर ही मर्यादा आणखी खाली येते, कारण मिठाचा कण स्वतःच ओल ओढून धरतो. सिंधुदुर्गात पावसाळ्याचे चार महिने तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, जुलैतली हवा नव्वद टक्क्यांच्या आसपास ओली, आणि मामाचं घर समुद्रापासून इतक्या अंतरावर की वारा पश्चिमेचा असला तर गाज ऐकू येते. व्हर्ननच्या हिशोबाने त्या मांगरात एखादा खिळासुद्धा ठेवायला नको होता.

बंद इंजिन स्वस्थ बसलेलं असतं, असंही नाही. दुपारी पत्र्याखाली मांगर तापतो, सिलिंडरातली हवा प्रसरण पावून थोडी बाहेर जाते. रात्री गार झाल्यावर तेवढीच हवा आत ओढली जाते, ओली. सकाळी बाहेरची हवा उबदार होऊ लागते, पण तो जड धातूचा गोळा अजून रात्रीचाच गारवा धरून असतो. अशा वेळी ओल हवेतून उतरून सरळ भिंतीवर बसते. एका दिवसाचा हिशोब केला तर हा प्रकार डोळ्याला दिसणारही नाही. पण तो रोज चालतो, आणि फक्त त्याच सिलिंडरांत जास्त चालतो ज्यांचे व्हॉल्व्ह उघडे राहिलेत. शिवाय भिंतीवरचं तेल काही आठवड्यांतच खाली निथळून गेलेलं असतं. सिलिंडरला तेल लावणारी वेगळी यंत्रणा अशी काही नसते. पिस्टन वरखाली होतो, क्रँक फिरताना खालचं तेल उडतं, रिंगा ते भिंतीवर पसरवतात. म्हणजे इंजिन चालतं म्हणून त्याला तेल मिळतं आणि तेल मिळतं म्हणून ते चालतं. ही साखळी तुटली की लोखंड उघडं पडतं.

गाडी तशी अगदीच कोणी बघत नव्हतं, असं मात्र नव्हे. मामाला पक्षाघात झाला आणि तो घरात बसला, तेव्हापासून मामी शेजारच्या वाडीतल्या एका मुलाला दर रविवारी बोलवायची. तो गाडी सुरू करायचा, पाच मिनिटं घुरघुरू द्यायचा आणि बंद करून, चहा पिऊन निघून जायचा. मामा पडवीत आरामखुर्चीत बसून तो आवाज ऐकायचा. आवाज ऐकला की त्याचा रविवार बरा जायचा, असं मामी म्हणते. पुढे तो मुलगा गोव्याला नोकरीला लागला, मामाचा आजार वाढला, आणि ते रविवार संपले.

या पाच मिनिटांबद्दल मी मेस्त्रींना सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा जरा गप्प झाले. पेट्रोल जळताना त्यातल्या हायड्रोजनचं पाणी होतं. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. वाफ होऊन ते सायलेन्सरमधून निघून जातं म्हणून आपल्याला ते जाणवत नाही. थंडीच्या सकाळी नळकांड्यातून ठिबकतं तेवढंच काय ते दिसतं. पण इंजिन पुरतं तापलं तरच ते निघून जातं. वीस-पंचवीस मिनिटं गाडी रस्त्यावर पळाली पाहिजे, तेल गरम झालं पाहिजे, तेव्हा कुठे आत साचलेली ओल उडते. पाच मिनिटं जागच्या जागी चालवून बंद केलेलं इंजिन आतून चालण्याआधी होतं त्यापेक्षा ओलं असतं. त्या ओलीत जळण्यातून आलेली आम्लं मिसळतात आणि भिंतीवरून खाली तेलात उतरतात. दर रविवारी मामीने मामासाठी जे करवून घेतलं, त्याने चौथ्या सिलिंडरात घोटभर पाणी भरलं. काहीच केलं नसतं तर बरं झालं असतं, असं म्हणायचं धाडस मला होत नाही. ते खरं आहे, तरीही.

मला वाटतं, गंजाच्या बाबतीत आपली समजूत इथेच चुकते. तो दुर्लक्षाने होतो असं आपण म्हणतो आणि मग लक्ष दिल्याचं समाधान मिळेल एवढं काहीतरी करतो. सणाला काढून पुसून ठेवलेली तलवार, कपाटातली न वाजणारी पेटी, वर्षातून एकदा उघडून झाडलेलं गावचं घर, या सगळ्यांना लक्ष मिळतं, वापर मिळत नाही. यंत्राला आपल्या लक्षाशी काही देणंघेणं नाही. त्याला उष्णता हवी, भार हवा, अंतर हवं. नाहीतर मग सरळ झोपवायचं: प्लगच्या भोकांतून तेल घालून इंजिन हाताने दोनदा फिरवायचं, सायलेन्सर आणि कार्ब्युरेटरची तोंडं बांधून टाकायची, बॅटरी काढायची, आणि नंतर त्याला हातही लावायचा नाही. या दोन्हींच्या मधलं जे काही आपण मायेपोटी करतो, ते गंजाच्या पथ्यावर पडतं.

पेट्रोलचा आणखी एक मुद्दा मेस्त्री नेहमी काढतात आणि तो त्यांच्या लाडक्या रागांपैकी एक आहे. पूर्वीचं पेट्रोल टाकीत पडून राहिलं तर चिकट व्हायचं, वार्निशचा वास यायचा, पण टाकी टिकायची. आता इथेनॉल मिसळतात. २०२२ पर्यंत दहा टक्के, आता वीस. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. ती जास्त झाली की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी वेगळं बसतं आणि टाकीचा पत्रा तिथून खायला लागतं. रोज फिरणाऱ्या गाडीत ते टाकीत टिकतच नाही. उभ्या गाडीत मात्र टिकतं. साखर कारखान्यांचं भलं व्हावं, शेतकऱ्याला पैसा मिळावा हे सगळं ठीक, पण मांगरात उभ्या जुन्या गाडीचा विचार त्या धोरणात कोणी केला असेल असं मेस्त्रींना वाटत नाही. मलाही वाटत नाही, आणि करायला हवा होता असंही नाही.

चौथ्या दिवशी त्यांनी पुढच्या पुलीच्या नटाला लांब दांड्याचा पाना लावला आणि हलका ताण देऊन पाहिला. आधी उजवीकडे, मग डावीकडे. नट हलला नाही. परत तेल, परत थांबणं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो केसभर हलला, आणि मेस्त्रींनी लगेच पाना काढून ठेवला. मामेभाऊ म्हणाला, सुटतंय तर फिरवा ना. मेस्त्रींनी पाना त्याच्या हातात दिला नाही. हललं तेवढं पुढे, तेवढंच मागे, पुन्हा पुढे. गंजाचे कण रिंगेखाली चिरडले जातात तेव्हा ते भिंतीवर ओरखडे ओढतात. ते तेलात भिजून वर येऊ द्यायचे असतात. संध्याकाळपर्यंत पाव फेरी, दुसऱ्या दिवशी पूर्ण फेरी. पूर्ण फेरी झाली तेव्हा प्लगच्या भोकांतून तपकिरी चिखल बाहेर आला आणि आम्ही तिघंही बाजूला सरलो.

एवढ्यावर थांबून प्लग लावून गाडी सुरू करता आली असती. बरेच जण करतात. मेस्त्रींनी आधी चेंबरमधलं तेल काढून टाकलं, कारण ओतलेलं डिझेल रिंगांच्या फटीतून खाली उतरून त्यात मिसळलेलं होतं. मग हेड खोललं. नट बाहेरच्या बाजूकडून आत असे थोडे थोडे सैल करत गेले, म्हणजे अॅल्युमिनियमचं हेड वाकू नये. हेड उचललं आणि चारही सिलिंडर उघडे पडले.

पहिला आणि तिसरा स्वच्छ होते. राखाडी, तेलकट, आत होनिंगची तिरकी जाळी अजून दिसत होती. ती जाळी कारखान्यात किंवा लेथवर मुद्दाम पाडलेली असते, तिच्या खाचांत तेल राहावं म्हणून. त्याशिवाय ओतीव लोखंडात ग्राफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपात कार्बन असतो आणि तेही तेल धरून ठेवतं. बंद दारांच्या या दोन सिलिंडरांत तेवढ्या सामग्रीवर निभावलं होतं. दुसऱ्यात तपकिरी छटा होती, पण नखाला लागत नव्हती. या इंजिनाचा क्रम १-३-४-२. त्यावरून मेस्त्रींनी मागे हिशोब लावला: पहिला शेवटचा पेटलेला, तिसरा दाबत होता, चौथा आत ओढत होता, दुसरा बाहेर टाकत होता. म्हणजे दुसऱ्याचा एक्झॉस्ट उघडा राहिलेला, चौथ्याचा इनलेट. मग दुसरा वाचला कसा? मेस्त्रींनी सायलेन्सरचं मागचं टोक दाखवलं. कुंभारमाशीने तिथे मातीचं घर बांधून तोंड गच्च बुजवलं होतं. निदान त्यांचा तर्क तरी तसा होता, आणि मला तो मोडायची इच्छा नाही. त्या गाडीची खरी निगा राखणारं कोणी असेल तर ती माशी.

चौथ्यात सरळ वरून खाली एका उंचीपर्यंत गंज होता आणि तिथे तो रेघ आखल्यासारखा थांबला होता. रेघेच्या वर खडबडीत, तपकिरी, मध्ये मध्ये काळी पडलेली भिंत. रेघेच्या खाली गुळगुळीत राखाडी लोखंड. ती रेघ म्हणजे वरची रिंग जिथे टेकून राहिली ती जागा. शेवटच्या रविवारी पाच मिनिटं संपली आणि त्या मुलाने किल्ली फिरवली, तेव्हा पिस्टन नेमका किती उंचीवर होता हे मिलिमीटरमध्ये मोजता येत होतं. मामाच्या आजारपणाच्या तारखा घरात कोणालाही नीट आठवत नाहीत. इथे काहीतरी स्पष्ट लिहून ठेवलेलं होतं.

मग वाद झाला तो लेथचा. मामेभावाचं म्हणणं, ब्लॉक खाली उतरवून कोल्हापूरला उद्यमनगरात न्यावा, चारही सिलिंडर बोअर करून घ्यावेत, ओव्हरसाइज पिस्टन घालावेत, एकदाच काय ते नवं होऊन जाऊ दे. हे म्हणणं चुकीचं नव्हतं, पण महाग होतं आणि परत न फिरवता येणारं होतं. बोअर करणं म्हणजे भिंत खरवडून मोठी करणं, आणि एका सिलिंडरसाठी चौघांनाही तेवढंच मोठं करावं लागतं, कारण चार पिस्टन एका मापाचे, एका वजनाचे लागतात. ज्या दोन सिलिंडरांनी आपलं लोखंड इतकी वर्षं जपून ठेवलं, त्यांचंही लोखंड भुशात जाणार. शिवाय ब्लॉकला हे मोजक्याच वेळा सोसतं. त्यानंतर लायनर, म्हणजे आत नव्या नळीची भिंत बसवायची. लायनर म्हटलं की मला साताऱ्याचे धनजीशा कूपर आठवतात. त्यांनी १९२२ साली लोखंडी नांगरांचा कारखाना काढला, १९३७ मध्ये काही महिने ते मुंबई इलाख्याचे पहिले पंतप्रधानही होते, आणि त्यांच्या नावाच्या कारखान्यात आजही इंजिनांचे लायनर बनतात. राजकारणातलं त्यांचं नाव किती जणांच्या लक्षात आहे कोण जाणे. लायनरवरचं नाव मेस्त्रींना माहीत होतं.

मेस्त्रींनी चौथ्या सिलिंडरच्या भिंतीवर नख फिरवलं. बऱ्याच ठिकाणी ते अडलं नाही. “हो गंज नाय, डाग आसा,” असं म्हणत ते पुढे सरकत होते. काही ठिकाणी नख अडलं, तिथे ते थांबले, पुन्हा फिरवलं. खड्डे होते, पण ते सिलिंडरच्या मधल्या पट्ट्यात. अगदी वरच्या टोकाला, जिथे पेट्रोल पेटतं आणि दाब सगळ्यात जास्त असतो, तिथे आधीच्या कार्बनच्या थराखाली भिंत बरी राहिली होती. मधल्या पट्ट्यात पिस्टन वेगात असतो आणि दाब ओसरलेला असतो. तिथले काही खड्डे राहिले तर त्यांत तेल बसेल, थोडं जास्त जळेल, सकाळी जरा निळा धूर येईल. एवढंच.

त्यांचा निर्णय झाला: बोअर नाही. हाताने होन फिरवायचा, जाळी पुन्हा पाडायची, नव्या रिंगा, व्हॉल्व्ह ग्राइंड करून बसवायचे आणि खड्डे राहू द्यायचे.

मी या निर्णयाच्या बाजूची झाले. जुन्या गाड्यांच्या हौशी जगात गंजाबद्दल एक सोवळेपणा असतो. शेवटचा कण निघाला पाहिजे, धातू आरशासारखा दिसला पाहिजे. भाग आठवडेच्या आठवडे मळीच्या पाण्यात बुडवून ठेवणारे लोक आहेत. साखर कारखान्यातली तीच मळी. ती गंज सावकाश सोडवते हे खरं, पण अॅल्युमिनियमचा भाग चुकून आत राहिला तर त्यालाही खाते. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात वीज सोडून गंज काढणारेही आहेत. या सगळ्या उपायांत गंज जातो आणि त्याच्या जागी खड्डा राहतो. लोखंड परत कोणीच देत नाही. दिल्लीचा लोहस्तंभ सोळाशे वर्षं उभा आहे, तो गंजला नाही म्हणून नव्हे. त्याच्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे आणि सुरुवातीच्या गंजातूनच त्याच्यावर एक पातळ, घट्ट थर बनला, ज्याने आतलं लोखंड झाकून टाकलं. आयआयटी कानपूरच्या बालसुब्रमण्यम यांनी त्या थराचा अभ्यास केला. कुठला गंज ठेवायचा आणि कुठला काढायचा, हे धातूलाही ठरवावं लागतं असं दिसतं.

मुंबईच्या टॅक्सी याच इंजिनावर चालल्या. ताडदेवच्या आरटीओत २००३ च्या ऑक्टोबरमध्ये शेवटची काळीपिवळी पद्मिनी नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर त्या रस्त्यावरून उतरल्या. त्यांनी लाखो किलोमीटर पळून सिलिंडर झिजवले, पुन्हा पुन्हा बोअर करून घेतले, वाळकेश्वरच्या चढावर आणि दादरच्या कोंडीत तापल्या. त्यांना गंज फारसा माहीत नसेल. झीज सगळ्या भिंतीला थोडी थोडी, हिशोबाने घेऊन जाते. ती मोजता येते, तिच्या मापाचे पिस्टन बाजारात मिळतात. गंजाला असं माप नसतं. तो एका सिलिंडरला धरतो आणि शेजारच्याला सोडून देतो.

हेड बसवलं, नट आता आतून बाहेरच्या क्रमाने आवळले, नवं तेल, नवी टाकी, कार्ब्युरेटर उघडून साफ. मामी दोन वेळा येऊन बघून गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा तिने विचारलंच, की एवढा गंज धरला तरी कशान? आम्ही तर दर रविवारी चालू करत होतो.

मी मेस्त्रींकडे बघितलं. ते फडक्याला हात पुसत होते.

“पावसान खाल्ल्यान, वैनीनू,” ते म्हणाले. “कोकणात दुसरा काय होतला?”

मामी मान हलवून आत गेली. त्या उत्तरात खोटं काही नव्हतं. पाणीच होतं, ते कुठून आलं, एवढं सोडून दिलं होतं.

इंजिन सुरू झालं तेव्हा पहिले काही क्षण तीनच सिलिंडर बोलत होते. मग चौथा मधूनमधून, आणि दोनेक मिनिटांत सलग. पांढरा धूर, मग निळसर, मग विरळ. मेस्त्रींनी ते बंद करू दिलं नाही. चांगलं तापेपर्यंत, रेडिएटरला हात लावून चटका बसेपर्यंत ते तसंच चालू ठेवलं; मग गाडी पुढे घेतो म्हणून गिअर टाकला, मांगराच्या बाहेर पाच-सहा हात आणली आणि ब्रेक दाबला. पेडल जमिनीला टेकलं. त्यांनी हँडब्रेक ओढला, तो हातात आला. गाडी हळूच जाऊन माडाच्या आळ्यात थांबली.

ब्रेकचे सिलिंडर इंजिनच्या सिलिंडरपेक्षा किती तरी लहान, पण त्यांनाही तोच रोग. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं आणि आतून खातं. चार चाकांचे आणि मास्टरचा असे सगळे गेलेले. ते होन करून चालत नाहीत, नवे आणायचे.

“वैनीनू, गाडी चलता,” मेस्त्री ओरडून म्हणाले, “पण थांबना नाय.”

“एवढी वर्सां थांबलेलीच होती मां,” मामी आतून म्हणाली.

सुटे भाग मुंबईहून मागवले आहेत. ते आले की गाडी दर आठवड्याला कुडाळपर्यंत न्यायची आणि आणायची, जाऊन-येऊन तासभर, मध्ये बंद करायची नाही, असं ठरलं आहे. चालवणार कोण, यावर अजून एकमत नाही. मामेभाऊ मुंबईत असतो. शेजारच्या घरातल्या पोराकडे लायसन्स आहे, पण गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर असतो हे त्याने जन्मात पाहिलेलं नाही, आणि मेस्त्री त्याला शिकवायला तयार आहेत ते फक्त सकाळी, कोंबड्या बाहेर सोडायच्या आधी.